वरचे चौदा

नाताळाला सात दिवस राहिले असताना, सकाळी पावणेदहाच्या सुमारास, माझ्या टेबलावर माझ्या भावाचे दात आले. प्लास्टरचे. वरचा जबडा, खालचा जबडा, बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले आणि रबरबँडखाली चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नसतंच. डॉक्टरचा शिक्का, पेशंटचा केस नंबर, पुरुष, वय बावन्न, आणि तेवीस तारखेला सकाळी पोचायला हवं, एवढंच. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, बावीस वर्षं झाली. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडांचे साचे येतात, आम्ही कवळ्या, कॅप, सुटे दात बनवून परत पाठवतो. ज्यांचं तोंड आम्हाला आतून पाठ असतं, त्यांचा चेहरा आम्ही कधीच बघत नाही. नाताळाआधीचा आठवडा म्हणजे नुसती धांदल, कारण वर्षभर अर्ध्या दातांवर निभावणाऱ्यांना चार माणसांत जेवायला बसायची वेळ आली की सगळे दात हवे असतात. म्हणून मी चहाचा कप खाली न ठेवताच प्लास्टिक सोडवलं, वरचा जबडा तळव्यावर उलटा घेतला आणि सवयीने अंगठा टाळूवरून फिरवला. टाळूवरच्या वळ्या दोन माणसांच्या सारख्या नसतात. उजवीकडची तिसरी वळी मध्येच दुभंगून पुन्हा जुळते, हे माझ्या अंगठ्याला माझ्याआधी कळलं. मग मी जबडा सुलटा केला. पुढचे दोन दात गर्दीत उभे राहिल्यासारखे एकमेकांवर चढलेले, उजव्या सुळ्याचा कोपरा तिरका उडालेला, मागच्या दाढा दोन्हीकडे गेलेल्या. मी कप खाली ठेवला आणि तो कुठे ठेवला ते दुपारपर्यंत मला आठवलं नाही.

मी हे काम शिकायला लागले तेव्हा साचा घ्यायला कुणाचं तोंड मिळेना. आईने ओठ मिटून मान हलवली. बाबा म्हणाले, आधी मेलेल्या माणसावर शिक, तो तक्रार करणार नाही. दादा मात्र स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला, गळ्याला टॉवेल बांधला आणि म्हणाला, घे. पहिल्या खेपेला मिश्रण पातळ झालं आणि त्याच्या घशात उतरलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून फेस, पण गडी हलला नाही. दुसऱ्या खेपेला मी ते इतका वेळ आत ठेवलं की काढताना मला त्याच्या खुर्चीवर पाय रोवून ओढावं लागलं आणि बाबा हसून हसून दाराला टेकले. तिसरा साचा जमला. त्या महिन्यात मी त्याच्या तोंडाचे सात साचे घेतले. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी डोळे मिटून त्याचा टाळू चितारू शकत होते. सुळ्याचा कोपरा तर त्याहून जुना. माझ्या नवव्या वाढदिवसाला बाटल्या उघडायची चावी सापडेना, तेव्हा दादाने दातांनी झाकणं काढायला घेतली. पाच निघाली, सहाव्याने दात नेला. कापलेल्या ओठाने तो हसत होता आणि मला वाटत होतं, याच्याइतका शूर माणूस जगात नाही.

चिठ्ठीवर पुढे लिहिलं होतं, वरचे उरलेले सगळे काढायचे, कवळी त्याच दिवशी बसवायची, पुढचे दात सरळ, एका ओळीत, रंग उजळ. म्हणजे हिरड्या गेल्या. बाबांच्याही पन्नाशीतच गेल्या होत्या. मी शिक्का पुन्हा वाचला. तो दवाखाना आमच्या घरावरून जाणाऱ्या बसच्या मार्गावर होता, आमच्या थांब्याच्या पुढे चौथा. दादा ज्या शहरात भूगोल शिकवायचा, ते इथून बारा तासांवर. बारा तासांवर असलेल्या माणसाशी न बोलणं सोपं असतं, अंतर अर्धं काम करतं. आता तो बसही बदलावी लागू नये इतक्या जवळ होता, आमच्याच बाजारातून कदाचित भाजी नेत होता, आणि मला हे त्याच्या दातांनी सांगितलं होतं. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण, जिला सगळी लॅब पॉलिश म्हणते कारण घासून चकचकीत करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, मशीन थांबवून म्हणाली की भूत बघितल्यासारखी काय उभी आहेस. मी म्हटलं, तारीख जवळची दिलीय. ती म्हणाली, मग बघत बसल्याने लांब जाणार आहे का?

सहा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. लोकांना वाटतं, भावंडांत बिनसतं ते घरावरून, जमिनीवरून. आमचं एका वाक्यावरून बिनसलं आणि ते वाक्य माझं होतं. बाबा गेले त्या सकाळी मी दादाला कळवलं. तो संध्याकाळी पोचला, मातीला जेमतेम. सगळे पांगल्यावर कबरस्तानाच्या फाटकाशी त्याने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाले? आठ महिने मी बाबांचं सगळं केलं होतं. ते खंगत गेले तशी माझ्याच हातची कवळी त्यांना सैल होऊन पडायची, म्हणून ती डबीत ठेवून दिलेली. बिनदातांचं ते काय बोलतात हे शेवटी शेवटी कुणालाच कळत नसे, आईलाही नाही. मला कळायचं. आणि शेवटचे तीन दिवस ते एकच विचारत होते, थोरला आला का. सकाळी, दुपारी, कूस बदलताना. ज्या हाताने त्यांची कूस बदलली जात होती, त्या हाताच्या मालकिणीचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. मला राग आला होता. मरणाऱ्या माणसाचा राग येतो, हे कुणी आधी सांगत नाही. अजून आठवडा तरी काढतील, उद्या कळवू, असं मी तीनदा ठरवलं. म्हणून फाटकाशी दादाने विचारलं तेव्हा मी म्हटलं, नाही, तुझं नावही काढलं नाही. त्याने मान हलवली, जणू पत्ता विचारला होता आणि तो मिळाला. त्यानंतर त्याचा फोन नाही, पत्र नाही, आईने केलेल्या फोनना उत्तर नाही. पुढे नंबरच बदलला.

संध्याकाळी घरी गेले तर नवरा जमिनीवर बसून दिव्यांच्या माळांचा गुंता सोडवत होता आणि आई कागदाच्या चांदण्या कापत होती. दरवर्षी डिसेंबर उजाडला की आई दोन दिवस म्हणते, यंदा येईल तो. मग उरलेला महिना म्हणते, येतोय कसला, दगड आहे. त्या दिवशी दगडाचा दिवस होता. कात्री चालवत ती नवऱ्याला सांगत होती की बापाच्या मातीवर दोन तास थांबला आणि गेला, आईची आठवण नाही, पण सांगायचं कुणाला, आपलेच दात आणि आपलेच ओठ. नवरा हूं हूं करत होता. तो भला माणूस आहे, गुंत्यात हात घातला की त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. मी उभ्याउभ्या पाणी प्यायले. जीभ सारखी माझ्या पुढच्या दाताच्या मागे जात होती, कारण तोही थोडा चढलेला आहे, आमच्या घराण्याचाच तो. आता सांगून टाकावं, असं मनात आलं. आई, तो चौथ्या थांब्यावर आहे. पण त्या वाक्याला शेपूट होतं. तो इथे आहे हे सांगायचं तर तो का येत नाही हेही सांगायला हवं होतं. मी चांदण्यांना दोरा ओवायला बसले, तीन वाकड्या ओवल्या, आईने न बोलता उसवून परत दिल्या.

ही कवळी बनवायची पद्धत जरा क्रूर आहे. दात अजून माणसाच्या तोंडात असतात, पण आम्ही ते प्लास्टरमधून आधीच कापून टाकतो आणि त्या जागी नवे बसवतो, म्हणजे खरे निघाले की तासाभरात माणूस नवे घालून घरी जातो. वीस तारखेला मी करवत घेतली. एकाआड एक कापायचे असतात, जागा चुकू नये म्हणून. उजवा मधला, मग त्याच्या पलीकडचा. शेकडो लोकांचे कापलेत. सुळ्यापाशी आले तेव्हा मी उठून हात धुऊन आले, परत बसले, पुन्हा उठले, खिडकी उघडली, थंडी आली म्हणून बंद केली. पॉलिशने विचारलं की खुर्चीला खिळे लागलेत का. शेवटी कापला. हरभऱ्याएवढा पांढरा तुकडा टेबलावर पडला आणि मी तो टोपलीत टाकला. मग मेणाच्या भिंतीत नवे दात लावायला घेतले. मधले दोन, बाजूचे दोन, सुळे, मागचे आठ. वरचे चौदा. मी काम करत होते आणि बाबांचं शेवटचं वर्ष माझ्या डोक्यात गोल गोल फिरत होतं, चादरी, डबे, औषधाच्या वेळा. मान वर केली तेव्हा मेणात दादाचं हसू उभं होतं. उजवा मधला दात डाव्यावर चढलेला, जितका होता तितकाच. आणि सुळ्याचा कोपरा मी तासून तिरका केला होता. कधी केला, हे मला सांगता येणार नाही.

पॉलिश वाकून बघत म्हणाली की चिठ्ठीत सरळ लिहिलंय, एका ओळीत. मी म्हटलं, डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालंय, पेशंटला जसे होते तसेच हवेत. तोंडातून ते इतकं सहज निघालं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. एक खोटं सहा वर्षं सांभाळणाऱ्या माणसाला दुसऱ्याची काय मातब्बरी. पॉलिश म्हणाली, हौशी दिसतो पेशंट, आणि निघून गेली. मला अजून वेळ होता. मेण मऊ करायचं, दात सरकवायचे, अर्ध्या तासाचं काम. मी ते केलं नाही. आणि का केलं नाही, हेही मला स्वच्छ दिसत होतं. तोंड उघडून बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मी त्याच्याच दातांकरवी निरोप धाडत होते, की तुला ओळखणारं कुणीतरी इथे आहे, पुढचं तू बघ. भित्र्या माणसाला युक्त्या फार सुचतात.

एकवीसला लॅबमध्ये नाताळाचं जेवण झालं. पॉलिशने केक आणला होता, मालकांनी दोन मिनिटांचं भाषण करतो सांगून वीस मिनिटं केलं, सगळ्यांनी एकमेकांना भेटी दिल्या. मला पॉलिशने लोकरीचे हातमोजे दिले आणि कानात म्हणाली, जे काय असेल ते सांगून मोकळी हो, तुझा चेहरा बघून माझं पोट दुखायला लागलंय. मी हसले. बावीसला मेणाच्या जागी प्लास्टिक भरून कवळी शिजवून, घासून, पेटीत घालून पाठवली आणि घरी जाताना आमच्या थांब्यावर उतरलेच नाही. चौथ्या थांब्यावर उतरले. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली चपलांचं दुकान, समोर शाळेचं मैदान. शाळेला सुटी लागलेली. मी चपला बघत उभी राहिले. येणाऱ्या प्रत्येक बावन्न वर्षांच्या माणसात मी दादा शोधत होते आणि प्रत्येकाची मला भीती वाटत होती. एक जण तोंडाला मफलर गुंडाळून गेला, त्याची चाल दादासारखी होती, पण वळून बघितलं तर कुणी भलताच. दुकानदाराने तिसऱ्यांदा नंबर विचारला तेव्हा मी पायात बसत नसलेल्या चपला घेऊन परतीची बस धरली. घरी आई म्हणाली, मापाच्या मिळत नव्हत्या का?

तेवीसला साडेदहाला मालकांनी मला हाक मारली. फोन होता. डॉक्टरीणबाई थंड आवाजात म्हणाल्या की त्यांनी सरळ लिहिलं होतं, मग हे काय पाठवलंय. पेशंटने कवळी हातात घेतली, खिडकीशी नेऊन बघितली आणि आता तोंड उघडायला तयार नाही, बनवणाऱ्याशी बोलायचंय म्हणतो. मालक माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली. पलीकडे फोन हातातून हातात गेला.

"तूच ना?" दादा म्हणाला.

"हो."

"मला सरळ हवे होते."

"माहीत आहे. चिठ्ठीत होतं."

पाच दिवस मी मनात किती वाक्यं जुळवली होती. सुरुवात, मधलं, रडायची जागासुद्धा. त्यातलं एकही आलं नाही. मी म्हटलं, "बाबा तुला विचारत होते. थोरला आला का, म्हणून. शेवटचे तीन दिवस सारखं तेच. मी तुला फाटकाशी खोटं सांगितलं."

पलीकडे कसलं तरी यंत्र घरघरत होतं, मग कुणीतरी ते बंद केलं.

"तीन दिवस," तो म्हणाला. "बारा तासांची तर गाडी होती."

"हो."

तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो वर्गात शिकवताना बोलतो तसा बोलला, एकेक शब्द सुटा करून. आठ महिन्यांपूर्वी बदलीवर तो इथे आलाय; दोनदा आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेला, कारण ज्या घरात बापाने मरताना नाव काढलं नाही तिथे कुठल्या तोंडाने जायचं. मग त्याने विचारलं, आईला हे माहीत आहे का. मी नाही म्हटलं.

"मग आधी तिला सांग. तू स्वतः. तिने बोलावलं तर येईन."

डॉक्टरीणबाई पुन्हा फोनवर आल्या आणि म्हणाल्या की पेशंटला हीच चालेल म्हणतात, मी बसवतेय, पण पुढच्या वेळी चिठ्ठी वाचत जा. मी मालकांना सांगितलं की घरी जावं लागेल. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि जा म्हणाले.

घरी आई खिडकीशी बसून केकसाठी मनुका निवडत होती, मांडीवर वाडगा, चष्मा नाकावर. नवरा कामावर गेलेला. मी कोट न काढता तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. ओळीने सांगितलं, लॅबमध्ये साचा आला तिथपासून नाही, बाबांपासून. आईचा हात चालूच होता. देठ काढायचं, मनुका वाडग्यात. मी बोलायची थांबले तरी पाच-सहा मनुका तिने निवडल्या. मला वाटलं तिला नीट कळलं नाही, आणि मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं.

"मी तुला विचारलं होतं," आई म्हणाली. "ते बोलायचे आणि मला कळायचं नाही, म्हणून मी तुला विचारायची, काय म्हणतायत गं. तू म्हणायचीस, पाणी."

मी हे विसरले नव्हते. पण सहा वर्षं मी दादाशी बोललेलं खोटं तेवढं मोजत आले होते. हे दुसरं त्याच्या सावलीत उभं होतं.

"मी चमच्याने पाणी घालायची. ते तोंड फिरवायचे. एकदा तर मी चिडले त्यांच्यावर. म्हटलं, मागता कशाला मग."

ती रडली नाही. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मग म्हणाली, "आणि त्याला मी दगड म्हणत आले. तुझ्यासमोर. तू चांदण्या ओवत बसायचीस." मला उठून तिच्या पायाशी बसावंसं वाटलं, पण तिच्या गुडघ्यांवर वाडगा होता आणि तो तिने दोन्ही हातांनी असा धरला होता की तिथे माझ्यासाठी जागा नव्हती.

"नंबर दे त्याचा," ती म्हणाली.

नंबर माझ्याकडे नव्हता. दवाखान्यात फोन करून, बहीण आहे सांगून, विनवण्या करून मी तो मिळवला आणि लावून आईच्या हातात दिला. मी उठायला लागले तर तिने हाताने खूण केली, बस. मी ते ऐकावं, हे तिला हवं होतं. पलीकडून आवाज आला, शब्द नव्हता, नुसता आवाज. तोंडात ताजी जखम आणि नवे दात.

"बोलू नकोस, रक्त येईल," आई म्हणाली. "मी बोलते, तू नुसतं हूं म्हण. मी आहे. दुखतंय? बरं. बर्फ लाव गालाला बाहेरून. आणि उद्या सकाळपर्यंत कवळी काढायची नाही, कितीही वाटलं तरी." मग ती थांबली. खिडकीच्या काचेवर तिने बोटाने उगाच एक रेघ ओढली. "तुझे बाबा तुला विचारत होते. थोरला आला का, म्हणून. मला कळलं नाही रे, मी पाणी पाजत बसले. ऐकलंस ना? तुला विचारत होते."

मग हूं आलं, इतकं मोठं की मला लांबूनही ऐकू आलं. आईने डोळे मिटून घेतले. म्हणाली, उद्या दुपारीच ये, संध्याकाळची वाट बघू नकोस. आणि फोन ठेवला.

बाहेर शेजाऱ्यांचं कुणीतरी जिन्यातून नाताळाचं झाड वर नेत होतं आणि ते वळणावर अडकल्याची आरडाओरड चालली होती. आई ते ऐकत असल्यासारखी बसली. मग तिने मनुकांचा वाडगा उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"त्याला चावता येणार नाही," ती म्हणाली. "उद्या सगळं मऊ कर." आणि दाराशी जाऊन, माझ्याकडे न बघता, "तुझ्याशी मी नाताळ झाल्यावर बोलेन."

आई बोलेन म्हणाली की बोलते, विसरत नाही. लहानपणी या वाक्यानंतर आम्ही दोघं पलंगाखाली जाऊन लपायचो. मी कोट काढला आणि मनुका निवडायला घेतल्या.